खिळ्यावरचा बिल्ला

चार नंबरच्या खोलीची धास्ती त्या अख्ख्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकाच बाईने घेतली होती, आणि नेमकं तिचंच काम त्या खोलीत होतं. आता याला काय म्हणायचं! तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची थोरली जाऊ तिथेच पॅकिंगला होती. दोन भाऊ, दोन जावा, एक स्वयंपाकघर. दोघी सकाळी बरोबर निघायच्या आणि वाटेत एकमेकींच्या डब्याला नावं ठेवत कामावर पोचायच्या.

खोली म्हणजे चांगली लांबलचक वखारच होती, शून्याच्या खाली वीस. दोन्ही अंगांना छताला भिडलेल्या मांडण्या, त्यांच्यावर गोठवलेल्या मटारांची खोकी, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि वर घोंघावणारे पंखे. धाकटीने दिवसातून तीनदा आत जायचं, पार शेवटच्या मांडणीपर्यंत चालायचं, तिथल्या थर्मामीटरचा आकडा टिपायचा, दोन खोकी उघडून माल बघायचा आणि परत यायचं. बारा मिनिटांचं काम. शेंबडं पोरही करेल, असं साहेब म्हणायचे. साहेब स्वतः कधी आत गेले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

दाराबाहेर भिंतीला एक लाकडी फळी होती आणि फळीला खिळे. प्रत्येकाला एक पितळी बिल्ला दिलेला. आत जाताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. फळीवर एक जरी बिल्ला लटकत असेल, तरी दार नुसतं लोटून ठेवायचं, खिट्टी लावायची नाही. ही खिट्टी बाहेरून लागायची. दारावर एक काका बसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर वही. कोणता नंबर कधी आत गेला, कधी बाहेर आला, ते सगळं लिहीत. माणसाच्या तोंडाकडे बघायची त्यांना गरजच नव्हती, कारण आत जाणारा प्रत्येक जण गुडघ्यापर्यंतचा कोट, टोपी आणि नाकावर पट्टी अशा अवतारात असायचा. काकांसाठी माणूस म्हणजे बिल्ला.

चार महिन्यांपूर्वी धाकटी आत असताना वीज गेली होती. दिवे गेले, पंखे थांबले आणि असा काळोख झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेच कळेना. सहा मिनिटं. तिने ओरडायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच फुटला नाही. वीज आली, ती बाहेर आली, पाणी प्यायली, सगळ्यांबरोबर हसलीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी कोट चढवून दारापर्यंत गेली आणि पाय जमिनीला खिळले. छातीत असं धडधडायला लागलं की आता हे बाहेरच पडणार. हाताला घाम, कानात सूं सूं, डोळ्यांपुढे काजवे. ती मागच्या पावली कोटांच्या खोलीत परतली आणि बाकावर बसून राहिली.

तिथे थोरलीने तिला गाठलं.

"काय गं, भूत बघितलंस का?"

"जाऊबाई, मला आत नाही जाता येत. मी मरेन आत."

"मरतेस कशाला? अगं, भीती म्हणजे न बोलावता आलेली पाहुणी. तिची सरबराई केलीस की मुक्काम ठोकणार. तिला म्हणायचं, बाई गं, बस हवं तर, पण मला कामं आहेत. आणि चालू पडायचं."

बोलली असं, आणि केलं काय? धाकटीच्या अंगावरचा कोट उतरवून स्वतः घातला, तिचा सतरा नंबरचा बिल्ला घेतला आणि गेली आत. "आजचा दिवस," म्हणाली. मायेच्या माणसांचं हे असंच असतं. तोंडाने शहाणपण सांगतील आणि हाताने नेमकं उलटं करतील.

थोरली आत गेल्यावर धाकटीला जे हुश्श वाटलं, त्या हुश्शनेच पुढचा सगळा घात केला. इतकं गोड वाटलं ते, की दुसऱ्या दिवशीही तेच हवंसं झालं. आजचा दिवस करता करता चार महिने लोटले. थोरलीचा स्वतःचा नऊ नंबरचा बिल्ला खिशातच राहायचा, कारण पॅकिंगवालीचा नंबर चारच्या वहीत दिसला असता तर दहा प्रश्न निघाले असते. धाकटी ती बारा मिनिटं कोटांच्या खोलीत दबा धरून बसायची. वहीत सतरा नंबर अगदी शिस्तीत आत जात होता, बाहेर येत होता. आणि भीती? ती कमी व्हायची सोडून घरभर पसरली. आधी चार नंबर. मग तीन नंबर. मग लिफ्ट. मग तर धाकटी न्हाणीघराची कडीही लावेनाशी झाली. दाराला बादली टेकवून आंघोळ करायची.

त्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. चार नंबरच्या दाराला आतून उघडायची एक मूठ होती, ती बिघडली. गोल गोल फिरायची, पण दार ऐकायचं नाही. साहेबांनी दाराला चिठ्ठी लावली, दुरुस्तीवाला येतोय, तोवर जपून. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. बिल्ले आहेत की! आत धोक्याच्या घंटेचं बटणही होतं, पण ती घंटा वाजायची मशीनच्या खोलीत, आणि मशीनवाला दिवसभर कानांवर जाड आवरणं चढवून बसलेला. त्या घंटेचा उपयोग घंटेलाच.

शनिवार उजाडला. शनिवारी अर्धा दिवस. दुपारी एकला दारं बंद करायची ती थेट सोमवारी सकाळी उघडायची. साडेबाराला थोरलीने कोट चढवला.

"शेवटची फेरी. सोमवारपासून तू जायचंस हं. मी आता म्हातारी झाले."

"सोमवारी नक्की," धाकटी म्हणाली. दर शनिवारी हेच म्हणायची.

थोरली गेली. धाकटी बाकावर बसली. पाच मिनिटं झाली असतील नसतील तोच दार उघडून साहेब दत्त म्हणून उभे.

"अरे, इथे आहात होय! वर चला, तुमचा कायम झाल्याचा कागद आलाय. मला एकच्या आत पाठवायचाय. सही करा आणि सुटा."

कायम! तीन वर्षं ज्या कागदाची वाट बघितली तो आज यावा, आणि या वेळेला! धाकटी यंत्रासारखी उठली. बाहेरच्या बोळात साहेब पुढे, ती मागे. चार नंबरच्या दारावरून जाताना काकांनी मान वर केली. तिच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, मग फळीकडे. सतरा नंबर लटकत होता.

"काय हे बाई! बाहेर आलात आणि बिल्ला तसाच? डोकं कुठे असतं?"

त्यांनी बिल्ला काढला, उठून तिच्या हातात ठेवला, आणि वहीत लिहिलं, सतरा, बाहेर.

आता इथे बोलायचं होतं. फक्त पाच शब्द. काका, थांबा, आत जाऊबाई आहेत. पण साहेब दोन पावलांवर उभे. बोलली की चार महिन्यांचं बिंग फुटलं, कागद गेला, नोकरी गेली, थोरलीचीही गेली. धाकटीच्या मनाने पटकन हिशेब जुळवला. आत्ता वर जाते, सही करते, धावत खाली येते, काकांना बाजूला घेऊन सांगते. काका दारं एकलाच लावतात. वीस मिनिटं आहेत. काही होत नाही. बिल्ला तिच्या मुठीत होता, पितळ गार लागत होतं, आणि तिने मूठ मिटली.

वर साहेबांना कागदच सापडेना. मग पेन सापडेना. मग त्यांनी अभिनंदनाची लांबण लावली. धाकटीचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. एक वाजायला दहा कमी, मग पाच, मग एक. सही करताना खिडकीतून तिला काका दिसले. चाव्यांचा जुडगा घेऊन अंगण ओलांडून ते एक, दोन आणि तीन नंबरच्या दारांकडे निघाले होते. शनिवारी चारची फळी रिकामी झाली की ते एकची वाट न बघता ते दार आधीच लावून टाकत, हे तिला तेव्हा आठवलं. फळी रिकामी. मग कशाला थांबतील?

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सही अर्धवट टाकून ती जिन्याकडे धावली. साहेब मागून काहीतरी ओरडत होते.

बोळात चिटपाखरू नव्हतं. चार नंबरची खिट्टी लागलेली. दिव्याचं बटण बाहेरच होतं, तेही बंद. म्हणजे थोरली आत, काळोखात. धाकटीने जाड दारावर कान लावला. पंख्यांच्या घरघरीशिवाय काही नाही. तिने दारावर दोन्ही हातांनी बडवलं. काही नाही. एक वाजून पाच. किती वेळ झाला? अर्ध्या तासाच्या वरच.

काकांना बोलवायला जावं, तर अंगणापलीकडच्या दारांपर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं. आणि खरं सांगायचं तर तिला तसंच करावंसं वाटत होतं. कोणालातरी बोलवावं, कोणीतरी दुसऱ्याने आत जावं. तिला स्वतःचीच किळस आली. चार महिने दुसऱ्याला आत पाठवूनच तर हे झालं होतं!

तिने खिट्टी ओढली. दार सरकलं आणि थंडीचा लोट अंगावर आला. दार तिने भिंतीच्या आकड्याला अडकवलं. दिव्याचं बटण दाबलं, पण त्या थंडीत ट्यूब लगेच कुठल्या पेटायला! दारापाशी एकच लुकलुकायला लागली, बाकी वाट काळीच. छाती धडधडायला लागली. हाताला घाम, कानात सूं सूं, सगळं जसंच्या तसं. पाय पुन्हा खिळले.

"ये बाई," ती मोठ्याने म्हणाली. आवाज चिरका निघाला. "ये, बस. मला काम आहे."

मुठीतला बिल्ला तिने फळीच्या खिळ्याला अडकवला. चार महिन्यांत पहिल्यांदा सतरा नंबरचा बिल्ला खरं बोलत होता. मग अंगावरच्या साध्या कपड्यांनिशीच ती आत शिरली.

भीती गेली असेल असं कोणाला वाटत असेल तर ते साफ चूक. भीती तिच्याबरोबर पावलोपावली चालली. श्वास नाकातच गोठतोय असं वाटत होतं. मांडणीला एक हात लावून ती खोक्यांच्या रांगा मोजत गेली. एक. दोन. तीन. मधेच वाटलं, मागचं दार लागलं. वळून बघितलं, उघडं होतं. पुन्हा वाटलं. या वेळी तिने वळून बघितलं नाही. सात. आठ.

नवव्या रांगेशी कोणीतरी चालत असल्याचा आवाज आला. फरपटत, थांबत, परत फरपटत.

"जाऊबाई!"

थोरली पंख्यांच्या झोतापासून लांब, शेवटच्या मांडणीभोवती फेऱ्या घालत होती. थंडीत बसायचं नाही, चालत राहायचं, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. ओठ निळे पडलेले, भुवयांवर पांढरं, आणि उजव्या हातात मोजा नाही. मोज्याने दाराची मूठ नीट पकडता येईना म्हणून तिने मोजा काढून ती उघड्या बोटांनी फिरवली होती, किती वेळ कोण जाणे. बोटं मेणासारखी झाली होती.

"तू आत कशी आलीस?" तिने विचारलं. जीभ जड झाली होती. "तुला भीती वाटते ना?"

"वाटतेय. चला."

"बिल्ला कोणाचा लावलास?"

"माझा."

"मग माझा?"

आत दोघी होत्या आणि फळीवर एक बिल्ला होता. तिने थोरलीला काखेत धरलं आणि दोघी दाराच्या उजेडाकडे निघाल्या. थोरलीचा एकेक पाय दगडाचा झाला होता. आठ. सात. सहा. धाकटीला आता स्वतःचे हात जाणवेनासे झाले.

पाचव्या रांगेशी ट्यूब विझली. मागोमाग दारातल्या उजेडाच्या पट्टीत चष्मेवाली सावली उभी राहिली. काका दारं लावून परत आले होते. दार सताड उघडं, दिव्याचं बटण चालू, आणि खिळ्यावर पुन्हा सतरा नंबर! या बाईला काही धरबंधच नाही, आज दुसऱ्यांदा विसरली, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी दिवा बंद केला होता, आणि आता दाराचा आकडा काढत होते. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. धाकटीला मात्र उजेडाची पट्टी बारीक होताना दिसली, एवढंच.

तिने तोंड उघडलं. घसा आवळला. नेमका तेव्हासारखाच. पट्टी हातभर उरली. वीतभर.

"आहोत!" ती किंचाळली. "आत आहोत! दोघी आहोत काका! दोघी आहोत!"

पट्टी थांबली.

काका पुढे कोणालाही सांगताना म्हणत, नुसतं ओरडणं आलं असतं तर पंख्याचा आवाज समजून मी खिट्टी लावली असती. पण दोघी हा शब्द कानावर पडला आणि हातच थिजला. एवढं सांगून ते चष्मा काढून पुसत बसायचे.

बोळात साहेब येऊन उभे होते, हातात अर्धवट सहीचा कागद. थोरलीला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं तेव्हा धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. दात वाजत होते तरी थांबली नाही. चार महिन्यांचं, कोटांच्या खोलीचं, मुठीत मिटलेल्या बिल्ल्याचं. साहेबांनी कागद फाडला नाही, पण त्यावर सहीही पुरी करून घेतली नाही.

थोरली वाचली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र काढावं लागलं. घरात कोणी धाकटीला बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. रोज संध्याकाळी ती थोरलीच्या हाताला तेल लावायची आणि त्या दोन बोटांच्या जागी आली की नजर खाली घालायची.

"रडतेस काय?" थोरली म्हणायची. "भांडी घासण्यातून सुटका झाली माझी. तू आहेसच."

पण तिची चेष्टा आता अर्ध्यातच विरायची. बोलता बोलता ती दाराकडे बघायची. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटलं तर हातातली वाटी पडायची. आणि एके सकाळी धाकटीला न्हाणीघराच्या दाराला आतून बादली टेकवलेली दिसली. तिची स्वतःची बादली कधीच हलली होती. महिन्यापूर्वीच ती कडी लावायला लागली होती, आधी दहा मोजेपर्यंत, मग शंभर. ही बादली थोरलीची होती. पाहुणी कुठे गेली नव्हती, तिने नुसती खोली बदलली होती.

तीन महिन्यांनी थोरली कामावर परतली. आठ बोटांनी पॅकिंग जमेना. साहेबांनी नवा नियम केला होता की आत एकट्याने जायचंच नाही, जोडीने जायचं. मूठही नवी बसवली होती. थोरलीला त्यांनी धाकटीच्या जोडीला चार नंबरला दिलं. हे जमलं तर ठीक, नाहीतर तुम्हाला द्यायला दुसरं काम नाही, म्हणाले.

आदल्या संध्याकाळी धाकटी मोजा शिवत बसली होती. उजव्या मोज्याची दोन रिकामी बोटं आत दुमडून तिने टाके घातले. थोरली समोर बसून बघत होती.

"घट्ट शिव," ती म्हणाली. मग दोऱ्याचं रीळ पुढे सरकवत, "धाकटे."

"काय?"

"उद्या माझा बिल्ला तू लावशील? नऊ नंबर. दोन्ही लाव. काका कुठे तोंड बघतात! मी कोटांच्या खोलीत बसते. उद्याचा दिवस फक्त."

धाकटीच्या हातातली सुई थांबली. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. जिने तिच्यासाठी दोन बोटं घालवली, तिला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? हो म्हणणं किती सोपं होतं! थोरलीच्या चेहऱ्यावर ते हुश्श लगेच दिसलं असतं.

"नाही जाऊबाई."

थोरलीचे डोळे भरून आले. "मी तुझ्यासाठी गेले होते गं."

"म्हणूनच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कोट चढवून फळीपुढे उभ्या राहिल्या. काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती. आता ते प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट निरखून बघत. धाकटीने सतरा नंबर खिळ्याला अडकवला. छाती धडधडत होतीच, रोज धडधडायची. थोरलीने शिवलेल्या मोज्यातल्या तीन बोटांनी नऊ नंबर धरला. बिल्ला दोनदा खिळ्याला लागून निसटला. काका उचलायला वाकले, तर धाकटीने त्यांना हातानेच थांबवलं.

थोरलीने स्वतः वाकून बिल्ला उचलला. तिसऱ्यांदा तो खिळ्यावर बसला.

"दोघी," काकांनी मोठ्याने म्हटलं आणि वहीत लिहिलं.

"पाच रांगा," धाकटी म्हणाली. "तिथून परत फिरायचं असेल तर फिरू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर उद्या परत."

थोरलीने तिच्या कोटाची बाही धरली, आणि दोघी आत गेल्या.